मदत हवी आहे: सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला घरी रोज हालचाल कशी मिळेल?

नमस्कार. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालीत येणारी अडचण) आहे, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे दोन्ही पायांत ताठरपणा. जीएमएफसीएस, म्हणजे मूल स्वतः किती हालचाल करू शकतं हे सांगणारी श्रेणी, तिच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी. वॉकर धरून घरात चालते, लांब जायचं तर कडेवर घ्यावं लागतं. आम्ही सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो, त्यामुळे फिजिओथेरपी रोज जमत नाही.

नुसतं पाय ताणून देण्यापेक्षा मुलाने स्वतः हवं ते काम पुन्हा पुन्हा करणं जास्त उपयोगी, हे थेरपिस्टताईंनी समजावलं आणि मला ते मनापासून पटलंय. स्ट्रेचिंगला ती रडते. पण पोळ्या करताना कणकेचा गोळा दिला की ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहते. डावी टाच मात्र उचललेलीच असते, स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारा आधार) घातली तरच टेकते. उकाड्यात स्प्लिंटखाली घामाने पुरळ येतं, त्यावर तुम्ही काय करता?

पायाला पट्टे आणि पाठीला आधार असलेली तीनचाकी सायकल पुण्यात किंवा जवळपास कुणी करून घेतली आहे का? खर्च किती आला? अंगणवाडीत इतर मुलं पळतात तेव्हा ती कडेला बसून राहते. तिला सामावून घेणारे खेळ सुचवा, हे मला सगळ्यात जास्त हवंय. आणि खुब्याचा एक्स-रे तुमच्या डॉक्टरांनी किती महिन्यांनी सांगितला?

स्टेम सेलचे सल्ले कृपया नकोत.