मदत हवी आहे: चकलीचा घरगुती धंदा आहे तेवढाच ठेवायचाय, मोठ्या ऑर्डरला नाही कसं म्हणावं?

घरातली चार माणसं, रोज 25 किलो भाजणीची चकली, सगळी रोखीने जाते. आता एक सुपरमार्केट रोज आणखी 40 किलो मागतंय, तेही 60 दिवसांच्या उधारीवर. किलोला 220 रुपये खर्च धरला तर 5 लाख 28 हजार नुसते अडकून पडणार! (आमची उद्यम, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी आहे, त्यामुळे कायद्याने लेखी करारातही पैसे द्यायला 45 दिवसांपुढे मुदत नाही, पण ऐकतंय कोण.) शिवाय घाणा मोठा सोडला की तेल निवतं, चकली तेल पिते आणि मऊ पडते.

भाव किलोमागे 20 रुपये वाढवावा, की आगाऊ पैसे घेऊन आठवड्याला फक्त 10 किलो द्यावी? संबंध न तोडता नकार कसा कळवता?