कमी केडन्सचे तीव्र इंटरव्हल आणि गुडघेदुखी

पावसाळीपायडल (प्रश्न):
मी कोल्हापुरात राहतो, वय 43. पाऊस लागला की वाघबीळमार्गे पन्हाळ्याचा चढ सुटतो, आणि पंचगंगेला पाणी वाढले की घराबाहेर सायकल काढण्यातही अर्थ उरत नाही. म्हणून यंदा जुनी सायकल स्मार्ट ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचे, अवरोध आपोआप बदलणारे यंत्र) बसवली आहे. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल शक्ती) 200 वॅट आहे. चढावर माझा केडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) 60 च्या खाली येतो आणि मांड्या भरून येतात, त्यामुळे ट्रेनरवर 50 च्या केडन्सने 210 वॅटचे, प्रत्येकी चार मिनिटांचे पाच इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत केलेले जोराचे टप्पे) सुरू केले. दम फारसा लागत नाही. मात्र तिसऱ्या इंटरव्हलला ट्रेनर एकाएकी इतका जड होतो की पायडल जागीच अडते, आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीखाली दुखते. हा प्रकार सोडावा की पद्धत बदलावी?

चढणवेडा:
ट्रेनर जड होतो, त्याचे कारण अर्ग मोड. त्या मोडमध्ये यंत्र वॅट कायम राखते, म्हणून पाय मंदावला की ते अवरोध वाढवते, आणि अवरोध वाढला की पाय आणखी मंदावतो. 210 वॅटसाठी 90 च्या केडन्सला क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) सुमारे 22 न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो, 50 ला तोच 40 होतो आणि 45 ला जवळजवळ 45. थकलेल्या पायाला या चक्रातून सुटता येत नाही. अर्ग बंद करा, पुढची लहान चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) घ्या आणि अवरोध स्वतः ठरवा. लहान चेनरिंगवर फ्लायव्हील (ट्रेनरचे जड चाक) सावकाश फिरते, त्यामुळे पायाला घाटातल्यासारखाच अनुभव येतो.

दम लागत नाही, याचा अर्थ कष्ट कमी पडतात असा घेऊ नका. अशा इंटरव्हलमध्ये फुप्फुसांआधी मांड्या थकतात. पॅटन, हॉपकिन्स आणि कुक यांच्या 2009 च्या अभ्यासात 30 सेकंदांचे जोरकस इंटरव्हल 60 ते 70 केडन्सने करणाऱ्यांची प्रगती 110 ते 120 वाल्यांपेक्षा अधिक झाली (दोन्ही गटांना एका पायावरच्या उड्याही होत्या, हे विसरू नये). उलट 2014 मध्ये प्रौढ, मुरलेल्या सायकलपटूंनी बारा आठवडे मध्यम तीव्रतेवर 40 चा केडन्स राखला, तेव्हा त्यांना वेगळा लाभ दिसला नाही. माझ्या मते केवळ हळू पायडल मारण्यात काही राम नाही. जोर हवा, आणि तो थोडाच वेळ हवा. चार मिनिटांऐवजी 30 सेकंद ते एक मिनिट, केडन्स 60 ते 65, मध्ये पुरेशी विश्रांती, आणि आठवड्यातून दोनच दिवस.

वाटीवाला (व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट):
आधी सीट पाहा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण 25 ते 35 अंश वाकलेला असावा. सीट खाली असली की तो जास्त वाकतो आणि वाटीवर दाब वाढतो. दुखणे पूर्ण जाईपर्यंत कमी केडन्स बंद ठेवावा, नेहमीच्या केडन्सने हलके फिरवण्यास हरकत नाही. तरीही दुखत राहिले तर प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी.

तालमीतला:
थोडे वेगळे मत मांडतो. 50 च्या केडन्सलाही पायडलवर सरासरी 24 किलोंएवढाच जोर पडतो. बैठक मारताना पायांवर त्याहून कितीतरी अधिक भार येतो. पायात ताकद आणायची असेल तर आमच्या गावच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या बैठकाच घालाव्यात, अर्थात गुडघा बरा झाल्यावर. आणि चढावर केडन्स 60 खाली येण्याचे औषध ट्रेनरवर नसून मागच्या कॅसेटमध्ये (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचात) असू शकते; तिथली चकती जितकी मोठी, तितका गिअर हलका. सर्वांत मोठी चकती किती दात्यांची आहे?

पावसाळीपायडल:
पंचवीस दात्यांची. सीटही मोजली, रस्त्यावरच्या सायकलीपेक्षा ही दीड सेंटिमीटर खाली निघाली. ती वर घेतली आहे आणि दहा दिवस हलकेच फिरवणार आहे. चौतीस दात्यांची कॅसेट माझ्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) चालेल का, हे दुकानात विचारून घेतो.