अनुभव धागा: हाताखालच्या माणसांना कोण कसं वागवतं?

बडोद्यात आपल्यातला जवळजवळ प्रत्येकजण कुणाच्या तरी हाताखाली काम करतो किंवा कुणाकडून तरी काम करून घेतो. हुकूम सोडणारा साहेब, सगळ्यांना विचारणारी ताई, घरच्यासारखं सांभाळणारा शेठ. कुठल्या पद्धतीत माणसांचं नेमकं काय होतं, ते कामाच्या तपशिलासकट लिहा. कंपनीचं, माणसाचं नाव नको.

मकरपुरा, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचं) मशीनशॉप

सुपरवायझर कसा आहे हे लाल पेटी सांगते. रिजेक्ट माल टाकायची ती पेटी रोज रिकामी आणि महिनाअखेरीला ग्राहकाकडून क्रेट परत, असं असेल तर समजायचं की तिथे ओरडा फार आहे.

समजा २५ मिमीचा बोअर आहे, म्हणजे धातूत कोरायचं गोल भोक. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत गेली की बोअर लहान होत जातो आणि प्लग गेजची (भोकात घालून बघायच्या मापाची) 'गो' बाजू, जी सहज आत जायला हवी, ती अडकायला लागते. ऑपरेटरच्या हाताला हे सगळ्यांत आधी कळतं. पण सांगितलं की चारचौघांत शिव्या आणि वर पीसमागचा इन्सेंटिव्ह कापणार. मग तो गुपचूप ऑफसेट देतो, म्हणजे मशीनमधली पात्याची जागा जराशी सरकवतो, आणि संशयाचे पाच-सहा पीस चांगल्या क्रेटच्या तळाशी सारतो. पुढे असेंब्लीत बेअरिंग बसत नाही, आणि तोवर कुठला पीस कुठल्या शिफ्टचा हे कुणालाच सांगता येत नाही.

उपाय साधा आहे. लाल पेटीशेजारी एक पिवळी पेटी ठेवा, शंकेच्या मालासाठी. स्वतःहून त्यात टाकलेल्या पीसचा इन्सेंटिव्ह कापायचा नाही. शिफ्टचा पहिला पीस आणि नंतर दर दहावा पीस मोजायचा. एखादा चुकला तर शेवटच्या बरोबर पीसपासूनचे सगळे ऑपरेटर आणि इन्स्पेक्टर यांनी एकत्र बसून तपासायचे. बोलायचं असेल ते केबिनमध्ये, मशीनसमोर नाही.

आता अडतं कुठे? पहिल्या महिन्यात पिवळी पेटी भरून वाहते, रिपोर्टमध्ये रिजेक्शन वाढलेलं दिसतं आणि मॅनेजर घाबरून जुन्या दमदाटीवर येतो. तो माल आधीही खराबच होता, फक्त दिसत नव्हता. तीन महिने दम धरावाच लागतो.

शिफ्ट बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला स्वतः सांगावं: शेवटचा ऑफसेट किती दिला, इन्सर्टवर किती पीस निघाले. मधे सुपरवायझरने निरोप्याचं काम केलं की निम्मी माहिती गळते.

नर्सिंग, वॉर्ड इन्चार्ज

हुकमी पद्धत सरसकट वाईट, हे मला मान्य नाही. पेशंटचं हृदय थांबलं की तिथे एकच आवाज हवा. "कुणीतरी ॲड्रेनॅलिन द्या" म्हटलं की एक तर कुणीच देत नाही, नाहीतर दोघी देतात. नाव घेऊन सांगायचं, जिला सांगितलं तिने ते परत उच्चारायचं आणि दिल्यावर मोठ्याने सांगायचं: "एक मिलिग्रॅम दिलं." वेळ लिहिणारी ते नोंदवते, पुढचा डोस ३ ते ५ मिनिटांनी. छाती दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा. दमलेल्या हाताचा दाब कमी पडतो आणि ज्याचा हात दमलाय त्याला ते समजत नाही. इथे मतं विचारत बसायचं नसतं.

पण तोच आवाज लावून ड्यूटी चार्ट केला की वॉर्ड मोडतो. चार्टसाठी विनंत्यांची वही ठेवावी, २० तारखेपर्यंत लिहायची मुभा, २५ ला पुढच्या महिन्याचा चार्ट भिंतीवर. प्रत्येकीच्या नावापुढे वर्षभरातल्या नाइट ड्यूट्यांची बेरीज आणि गेल्या गणपतीत, नवरात्रात, दिवाळीत कोण कामावर होती, हेही तिथेच. जास्त नाइट कायम तिच्याच वाट्याला येतात जी 'नाही' म्हणत नाही. बेरीज भिंतीवर आली की ते इन्चार्जलाही डोळ्यांआड करता येत नाही.

दांडिया बाजार, गणेश मंडळ

पगार नसलेल्या पोरांवर हुकूम चालत नाही. काम वाटताना अधिकारही द्या: मांडवाचा प्रमुख ठरला की पाच हजारांपर्यंतचा खर्च त्याने न विचारता करायचा, पावती मात्र त्याच रात्री खजिनदाराकडे.

मांडवी, कापड दुकान

घरच्यासारखं वागवणाऱ्या शेठकडे माणसं वीस-वीस वर्षं टिकतात, खरं आहे. पण उचलीवर लक्ष ठेवा. लग्नाला, आजारपणाला दिलेले पैसे वहीत दोघांच्या सह्यांनी लिहा, हप्ता ठरवा. तोंडी ठेवलेली उचल उपकार होऊन बसते. मग तो माणूस रविवारची सुट्टी मागायलाही कचरतो.

इतिहासाची शिक्षिका, रावपुरा

बडोद्यात बसून इथले महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशिवाय हा विषय कसा होईल? १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. मूल शाळेत धाडलं नाही तर पालकांना दंड. ही वरून लादलेलीच सुधारणा, आणि दंड गरिबाला जड जाई. तरी ती झाली याचं मोल मोठं आहे. मात्र अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या तेव्हा सवर्ण शिक्षक तिथे जाईनात.

आणि १९१७. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले आंबेडकर करारानुसार इथे नोकरीवर आले. महाराज बाजूने होते, पण राहायला जागा मिळेना. शेवटी नाव लपवून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. कमाटीबागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. नेमणूक राजाने केली होती. खोली मिळते का, कचेरीत शेजारचा कसा वागतो, हे कुणी पाहिलं नव्हतं.

नर्सिंग, वॉर्ड इन्चार्ज

ताई, हे वाचून आमच्याकडची नवीन सिस्टरची यादी लिहिते. ती येण्याआधी लॉकरची किल्ली तयार. हॉस्टेलची खोली इन्चार्जने स्वतः जाऊन बघायची, पंखा आणि कडीसकट. पहिला आठवडा एकाच सीनियरबरोबर, तिचं नाव चार्टवर. पहिल्या दिवशी जेवायच्या सुट्टीत इन्चार्जने आपला डबा तिच्याशेजारी उघडायचा.