बाबांचा पंप, स्टेरॉइड आणि हार्ट: तुमच्या घरचे अनुभव सांगा

बाबा ७१ वर्षांचे, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागायचा आजार, आणि हार्टमध्ये एक स्टेंट. रोज दोन वेळा रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूलमधली पूड श्वासाने आत ओढायचा पंप. परवा सोसायटीतले काका म्हणाले त्यात स्टेरॉइड असतं, हार्टला वाईट, झालं! बाबांनी कॅप्सूलचा डबा माळ्यावर टाकला. डॉक्टरांना दाखवणार आहेच, पण कोणाकडे दम आणि हार्ट दोन्ही असेल तर काय झालं ते लिहा ना.

सांगलीकर: आधी डबा खाली काढा. माझ्या वडिलांनी ऐन थंडीत तीन आठवडे पंप बंद ठेवला होता, कोणाला पत्ता नाही, मग एका रात्री दम इतका लागला की ऑक्सिजन ८२, थेट आयसीयू, आणि चौथ्या दिवशी तिथेच हार्ट अटॅक. पंप सोडल्यामुळेच झालं असं नाही म्हणत, सिगारेट ४० वर्षं होती. पण तेव्हा कळलं की दम उसळला की हार्टवर पण येतं.

चुलीवरची भाकरी: आमच्या आईने बिडी कधी हातात धरली नाही, सगळा चुलीचा धूर. तिला स्टेरॉइडच्या पंपावर असताना दोनदा न्यूमोनिया झाला. मग डॉक्टरांनी रक्तातले इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) बघितले, ८० निघाले, एवढे कमी असले की स्टेरॉइडचा उपयोग फारसा होत नाही म्हणे. ते काढून नुसता श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप दिला. सगळ्यांना एकच माप नसतं. आणि तिने स्वतःच्या मनाने काही बंद केलं नव्हतं हां.

माजी एमआर: या विषयावर बरंच वाचलंय. २००५ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या नोंदींत कमी डोसचं स्टेरॉइड ओढणाऱ्यांना अटॅक कमी आलेले दिसले, लोकांना वाटलं आता हा हार्टचा पण पंप होणार. पण २०१६ ला समिट नावाची अशा पंपांची मोठी ट्रायल आली, १६ हजारांवर पेशंट, सगळे दमा नव्हे, सीओपीडीवाले आणि हार्टचा धोका असलेले, त्यात ना मृत्यू ठोस कमी झाले ना हार्टचा त्रास. वाढला मात्र नाही, काकांना एवढं सांगा. त्याच ट्रायलच्या आकड्यांत नंतर दिसलं की दम उसळल्यावर पहिल्या ३० दिवसांत हार्टचा धोका जवळपास चौपट होतो. आणि पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, दम उसळल्यावर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी देतात ती ४० मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे भिऊन पंप सोडला तर कदाचित त्याच्या कितीतरी पट पोटात जाणार!

सिस्टर, रात्रपाळी: रोटाहेलरची कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारे आजोबा मी दर महिन्याला बघते, हसू नका. पंप घेतला की खळखळून गुळणी, नाहीतर तोंडात पांढरं येतं. आणि छाती जड, घाम, डावा हात दुखतोय तर दमच असेल म्हणून घरी नेब्युलायझर लावत बसू नका, आधी ईसीजी. माझ्या सासऱ्यांचे दोन तास असेच गेले.

धागा मीच काढला होता: सगळ्यांना थँक्यू. डबा काढला. गेल्या महिन्यात आणलेल्या ३० पैकी २६ शिल्लक! म्हणजे काका बोलायच्या आधीपासूनच चुकवाचुकवी चालू होती. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय, काकांना पण सोबत नेणारे.