पुस्तकांच्या कॅफेत बसणं म्हणजे ग्रंथालयाकडे पाठ फिरवणं का?

हस्तलिखित
आमच्या नाटक मंडळीत परवा यावरून जोरात वाजलं, म्हणून इथं मांडते. गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी नाटक लिहितेय. त्याचा दुसरा अंक जवळजवळ सगळा पणजीतल्या फोन्तेन्हास या जुन्या वस्तीतल्या एका कॅफेत झाला. जुनं घर, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी, पाच टेबलं, आढ्यापर्यंत पुस्तकं. गाणी लावत नाहीत. पाऊस असला तर कौलांवरचं पाणी तेवढं ऐकू येतं.

आमचे दिग्दर्शक म्हणाले, "पणजीतच पाटोवर सहा मजली ग्रंथालय फुकट असताना कॉफीला दोनशे रुपये मोजून लिहायचं, ही चैन झाली. आणि तिथली पुस्तकं नुसती शोभेची."

मला हे पटत नाही. घरी वही उघडली की कुकर, कुरिअर, सासूबाईंच्या औषधांची वेळ. ग्रंथालयात शांतता आहे, पण नाटकाचं वाक्य तोंडातून गेल्याशिवाय खरं-खोटं कळत नाही, आणि तिथं पुटपुटलं तरी माना वळतात. कॅफेत वळत नाहीत, कारण पलीकडचाही काहीतरी पुटपुटत असतो. शेजारी एक चित्रकार मुलगी बसते. एकदा माझा प्रवेश वाचून तिनं विचारलं, "या घराचं दार कुठल्या बाजूला आहे?" मी ते ठरवलंच नव्हतं. त्या एका प्रश्नानं अख्खा प्रवेश बदलला. अशी माणसं एका छपराखाली भेटणं मला फार मोलाचं वाटतं.

पाटोचा_वाचक
ताई, दिग्दर्शकांचं बरोबर आहे. आपलं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते केळोशीचे कृष्णदास शामा १६व्या शतकात मराठीत लिहीत होते. माझे वडील रिक्षा चालवायचे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास मी दोन वर्षं तिथल्याच टेबलावर केला आणि "काय घेणार?" असं मला कुणी विचारलं नाही. दोनशे रुपयांच्या कॉफीनं ते टेबल माझ्यासाठी बंद झालं असतं. लिहिणारी माणसं उठून कॅफेत गेली, तर नवी नाटकं मागवा म्हणून ग्रंथालयाकडे आग्रह कोण धरणार?

वाड्यावरचा
मी फोन्तेन्हासच्या याच वाड्यावर, म्हणजे वस्तीत, राहतो. कॅफेच्या आत शांतता आहे, मान्य. बाहेर? फोटो काढणारे आमच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, चढून बसतात. आई दुपारी तिथं तांदूळ निवडायची, आता दार लावून आत बसते. वाड्यावर "फोटो काढू नका" असे फलक लावावे लागले, यावरून समजा. तुमच्या कलाकारांना आमच्या घराचा रंग दिसतो, आत माणूस झोपलाय हे दिसत नाही.

हस्तलिखित
दादा, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. तिथं बसणाऱ्यांतली मी एक आहे, त्यामुळे हे मालकीणबाईंच्या कानावर मी स्वतः घालीन. पण फोटोसाठी येणारे आणि तीन तास मान खाली घालून लिहिणारे, यांना एका मापानं मोजू नका.

मडगावचा_माजी_कॅफेवाला
"शोभेची पुस्तकं" हे वाक्य लागलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात एक कपाटभर पुस्तकं कोरडी ठेवून दाखवा, मग बोला. कडुलिंबाचा पाला, कापूर, रोज फडकं, ऊन पडलं की सगळी अंगणात पसरायची. तरी आतल्या रांगेला बुरशी धरायचीच. मी दोन वर्षं चालवून बंद केलं. आणि ताई, तुम्हालाही सांगतो: पाचच टेबलं असताना एका कॉफीवर कुणी चार तास बसला, तर त्या दिवशीचं भाडं निघत नाही. लेखकांवर माझं प्रेम होतं, पण दुधाचं बिल प्रेमानं भागत नाही. दर दीड तासाला काहीतरी मागवा, नाहीतर खुर्ची मोकळी करा.

सत्तरीकर
ताईंच्या त्या कॅफेत मी एकदा गेलो होतो. वाकून वाकून बघितलं, मराठी-कोंकणी औषधाला नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली याच गोव्यात आला, आणि पणजीतल्या पुस्तकांच्या घरात देवनागरी अक्षर दिसू नये? आमच्या गावच्या तिंट्यावरच्या, म्हणजे चौकातल्या, चहाच्या हॉटेलात भाजी-पाव खाता खाता एकच पेपर दहा जण वाचतात, अग्रलेखावरून भांडतात. नाटकाची तालीमही तिथंच ठरते. पुस्तकं नसली तरी मला ते वाचनाचं ठिकाण जास्त वाटतं.

हस्तलिखित
सत्तरीकर, हा मुद्दा खरा आहे. शोधल्यावर मला तळाच्या फळीत दोन मराठी पुस्तकं सापडली, एक पाककृतींचं. मालकीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, आजवर कुणी मागितलीच नाहीत, आणा, एक फळी मोकळी करते. पुढच्या आठवड्यात माझ्याकडची वीसेक नाटकं नेऊन ठेवतेय. आणि दीड तासाचा हिशेब आजपासून पाळते.

पाटोचा_वाचक
ती वीस नाटकं ग्रंथालयाला द्या, ताई. कॅफेचा करार संपला की फळीही गेली. मडगावच्या भाऊंनाच विचारा, बंद केल्यावर पुस्तकांचं काय झालं?

मडगावचा_माजी_कॅफेवाला
तीन पोती बुरशीनं गेली. बाकीची नेहमीच्या गिऱ्हाइकांनी शेवटच्या दिवशी येऊन हातोहात नेली. रद्दीत एकही घातलं नाही.