सहा इंची डॉब दुर्बीण: दहाच्या आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला) तारे तिकोनी दिसतात, आरसा परत घासायचा का?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. १५० मिमी व्यासाचा, १२०० मिमी नाभीय अंतराचा, २५ मिमी जाडीचा आरसा बसवून डॉब (पायावर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) उभी केली आहे. नळी १८० मिमीची पीव्हीसी, शेतात पाइपलाइनला टाकतात तीच, चार किलोची. २५ मिमीच्या आयपीसला (४८ पट) चंद्र, कृत्तिका सगळं झकास. १० मिमीचा लावला (१२० पट) की ब्रह्महृदय तारा तिकोनी होतो, तीन शेपट्या फुटल्यासारखा. घासतानाच चूक झाली असेल तर चकाकीचा मुलामा उतरवून आरसा परत पिचवर (पॉलिशच्या डांबरावर) घ्यावा का? शिवाय पाया आडवा फिरताना अडकतो आणि जरा रेटला की उडी मारतो. येत्या अमावास्येला सातपुड्यात तोरणमाळला न्यायची आहे, तेव्हा सोबत काय घ्यायचं तेही सांगा.

काचघाशा
मुलाम्याला हात लावू नका भाऊ. १५० मिमी एफ-८चा (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरसा नुसता गोलीय राहिला, पॅराबोला झालाच नाही, तरी चूक प्रकाशाच्या पाव तरंगलांबीच्या आसपासच राहते, म्हणजे चालण्याजोगी. आणि ती चूक चहूबाजूंनी सारखी असते, त्यातून त्रिकोण निघत नाही. तीन शेपट्या म्हणजे तीन ठिकाणी दाब. आरसा धरणाऱ्या क्लिपा किती आवळल्या आहेत?

क्लिप आणि काच यांच्यात व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. नळी हळूच हलवली तर आरसा किंचित खुळखुळला पाहिजे. क्लिपेचं काम आरसा पडू न देणं एवढंच, दाबून धरणं नाही.

खात्री करायची तर आयपीस फोकसच्या थोडा आत आणि मग थोडा बाहेर घ्या. दाबाचा त्रिकोण दोन्हीकडे उलटासुलट दिसतो. मग आरसा त्याच्या बैठकीत ६० अंश फिरवून बसवा. त्रिकोण आरशाबरोबर फिरला तर दोष काचेत, जागेवरच राहिला तर बैठकीत. १२० अंश फिरवू नका, त्रिकोण तिथल्या तिथेच येईल आणि काहीच कळणार नाही.

क्लिपांपेक्षा सिलिकॉन बरं. तीन थेंब, प्रत्येकी २ ते ३ मिमी जाड. सुकेपर्यंत मधे आगकाड्या ठेवायच्या, नंतर काढून घ्यायच्या. थर पातळ राहिला तर थंडीत आकसून तोच काच ओढतो.

सातपुडा_पायथा
सिलिकॉनचं पटलं नाही. आपल्याकडची धूळ बघता वर्षाकाठी एकदा आरसा काढून धुवावा लागतोच, चिकटवलेला आरसा काढताना घाम फुटतो. क्लिपाच ठेवा, सैल. आणि धुताना पुसायचं नाही: आधी नळाच्या धारेखाली धूळ वाहू द्या, मग भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात कापसाचा बोळा स्वतःच्या वजनाने, न दाबता फिरवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून आरसा उभा करून वाळवा.

पाया अडकतो त्याचं कारण बहुतेक गुळगुळीत सनमायका. खरखरीत पोताची घ्या. टेफ्लॉनचे तुकडे तीनच, २० ते २५ मिमीचे चौकोन, आणि ते बरोबर तीन पायांच्या डोक्यावर यायला हवेत. पायांच्या मधे बसवले तर प्लायवुड लवतं आणि फिरणं जड होतं. तेल, ग्रीस अजिबात नको, थंडीत चिकट होतं. गाडीला लावतात ते मेणाचं पॉलिश सनमायकावर एकदा घासलं की पुरे.

तापीकाठ
क्लिपा खरंच घट्ट होत्या, कागदसुद्धा जात नव्हता. सैल केल्यावर त्रिकोण गेला. पण आता फोकसबाहेरच्या ताऱ्याच्या चकतीवर धुरासारखं काहीतरी एका बाजूला सरकत राहतं. गच्चीवर, साडेसातला.

काचघाशा
ते नळीतलं गरम हवेचं वारं. खानदेशातली गच्ची थंडीतही उशिरापर्यंत ऊन सोडत असते, आणि २५ मिमीची काच सावकाश निवते. दुर्बीण दीड तास आधी बाहेर काढा, जमलं तर मातीच्या अंगणात ठेवा. नळीचं मागचं तोंड फळीने बंद केलं असेल तर उघडा. तिथे संगणकातला ८० मिमीचा, १२ व्होल्टचा पंखा आरशाच्या पाठीवर हवा मारेल असा लावा, पण स्क्रूने नको. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगा, नाहीतर १२० पटीला तारा थरथरतो.

नळीच्या आत काय रंग आहे? पीव्हीसी आतून चकाकते, आकाश त्यात करडं होतं. शाळेच्या फळ्याचा काळा रंग द्या आणि फोकसरच्या (आयपीस बसवायच्या नळीच्या) समोरच्या वीतभर भागात रंग ओला असतानाच लाकडाचा भुसा भुरभुरवा.

अक्कलकुवा_रात्रपाळी
तोरणमाळबद्दल. घाटातून आरसा नळीत ठेवून न्यायचा नाही. सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर. वर पोहोचल्यावर आरसे एका रेषेत आणायची जुळवणी पुन्हा आलीच, म्हणून आरशाच्या मध्यावर फाइलच्या कागदाच्या भोकाला चिकटवतात ती गोल कडी घरीच लावून ठेवा. तो भाग सेकंडरीच्या (नळीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या तिरप्या आरशाच्या) सावलीत असतो, प्रकाश जात नाही. दिवसा जोडणी करताना तोंडावर झाकण असू द्या, आरशावर ऊन पडलं तर कापड पेटायला वेळ लागत नाही.

तिथे अडचण दवाची होते. नळीच्या तोंडाला योगा मॅटचा २७० मिमी लांब काळा गळपट्टा घाला. सेकंडरीच्या पाठीला १५० ओमचा, २ वॅटचा एक रेझिस्टर चिकटवा, १२ व्होल्टवर जवळपास १ वॅट ऊब देतो. तो आणि पंखा मिळून ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर रात्र निघते. टॉर्चला लाल जिलेटिन, दोन पदरी.

जागा दक्षिण मोकळी असलेली निवडा. तिथून अगस्त्य तारा जेमतेम १५ अंश चढतो, डिसेंबरअखेर मध्यरात्रीच्या सुमारास. ध्रुव २२ अंशांवर, म्हणजे उत्तरेला झाड आलं तर तोही गेला. जंगलाच्या हद्दीत रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी आधी घ्या.

सातपुडा_पायथा
कोणीतरी चाळीसगावजवळची पाटणादेवी सुचवेलच, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा तेराव्या शतकातला शिलालेख तिथला म्हणून. जागा मानाची, पण तिन्ही बाजूंनी डोंगर. खालचं आकाश कापलं जातं, अगस्त्य विसरा. तोरणमाळच बरं.

तापीकाठ
आरसा डब्यात गेला. रेझिस्टर उद्या जळगावहून आणतो. पंखा आरशाकडे की बाहेर ओढणारा, हे परत एकदा?

काचघाशा
आरशाकडे. आणि १२० पटीला चित्र स्थिर झालं की बंद करून बघा, फरक पडला नाही तर बंदच ठेवा.