मदत हवी आहे: दलाचं नाव बदललं, जुन्या नियमांचं काय?

नमस्कार मंडळी. एलएलएमसाठी (कायद्याची पदव्युत्तर पदवी) टिपण लिहितेय, पण एका मुद्द्यावर गाडी अडलीय. 2021 च्या कायद्याने 'बिहार मिलिटरी पोलीस' या राज्याच्या सशस्त्र पोलीस दलाचं 'बिहार विशेष सशस्त्र पोलीस' झालं. (विधानसभेतला गोंधळ, आमदारांना ओढत बाहेर काढणं आठवत असेलच.) पण जुने भरती नियम, सेवाशर्ती, अधिसूचना यांत जिथे जिथे 'मिलिटरी पोलीस' छापलंय, तिथे प्रत्येक ठिकाणी वेगळी दुरुस्ती लागते का?

केंद्राच्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 8 पाहिलं. रद्द होऊन नव्याने केलेल्या कायद्याचा उल्लेख कसा वाचायचा, एवढंच ते सांगतं. दलाच्या नावाबद्दल चकार शब्द नाही. आपल्याकडे 'मुंबई पोलीस अधिनियम, 1951' चा 'महाराष्ट्र पोलीस अधिनियम' झाला, पण तिथे बदललं ते शीर्षक. माझ्या मते हा दाखला इथे फारसा कामाचा नाही.

विधी खात्यात मसुदे केलेलं कुणी आहे का इथे? 'जुन्या नावाचा उल्लेख नव्या नावाचा समजावा' असं एकच कलम पुरतं, की सोबत परिशिष्ट जोडतात? आणि जुन्या नावाने चालू असलेल्या दाव्यात पक्षकाराचं नाव कोणी बदलून घ्यायचं? एखादा नमुना असेल तर कृपया टाका.